दगड केवढा असावा?

आमच्या आईला जाऊन आता दहा महिने झाले. वर्षाच्या आत तिच्या कबरीवर दगड बसवावयाचा आहे. अश्दोदहून धाकट्या भावाचा फोन आला, "ताई, पैशांची काळजी करू नकोस. पण दगड असा हवा की चारचौघांत उठून दिसला पाहिजे." मीही होकार दिला. आईसाठी काही करावयाचे म्हटले की नाही म्हणवत नाही.

मग एका रविवारी, लंडनमध्ये लोकांनी पूर्वी कसे दगड बसविले ते पाहावे म्हणून मी विल्सडनच्या कबरस्थानात गेले. हे यहुदी कबरस्थान १८७३ साली सुरू झाले. आत शिरताच जुने प्रार्थनागृह लागते. दगडी बांधणी, टोकदार कमानी. एखाद्याला ख्रिस्ती देऊळच वाटावे. तेथे प्रार्थनेचे दालन आहे, मृताला स्नान घालण्यासाठी खोली आहे आणि कोहानीमसाठी निराळी खोली आहे, कारण अहरोनाच्या वंशजांनी प्रेताजवळ जावयाचे नाही. नेथन जोसेफ नावाच्या वास्तुशिल्पज्ञाने हे सारे बांधले.

त्या दालनात मी बराच वेळ बसले. येथे बॅरन आला असेल आणि शिंपीही आला असेल. दोघांनाही तेच स्नान, तेच साधे पांढरे कफन, तोच कद्दीश. हा नियम आपोआप झालेला नाही. तालमूदमध्ये सांगितले आहे की एके काळी अंत्यविधीचा खर्च नातेवाइकांना मृत्यूहूनही जड वाटू लागला. कित्येक जण प्रेत तसेच टाकून पळून जात. तेव्हा रब्बान गमलिएल ह्यांनी, स्वतः एवढे थोर असूनही, आपणास साध्या तागाच्या कापडात पुरावे असे सांगितले आणि पुढे लोकांनी तीच चाल धरली. ह्यात मला विशेष वाटते ते असे की श्रीमंतांनी खर्च केला ह्यावर त्यांचा राग नव्हता. एकाचा थाट शेजाऱ्याच्या गळ्याचा फास होतो, हे त्यांनी ओळखले होते.

पण प्रार्थनागृहाच्या बाहेर पाऊल टाकले की गमलिएलांची सत्ता संपते! बाहेर रॉथचाइल्ड घराण्याच्या कबरी आहेत, कठड्यांनी वेगळ्या राखलेल्या. ब्रिटिश पार्लमेंटात १८५८ साली यहुदी म्हणून पहिल्याने बसलेले लायोनेल तेथेच आहेत, त्यांची पत्नी शार्लटही. आतमध्ये सारखे असलेले लोक पन्नास पावलांवर पुन्हा लहानमोठे झाले.

येथे एक गोष्ट आठवली. ह्याच नेथन जोसेफने पुढे १८८७ साली ईस्ट एंडमधील गरीब यहुदी कुटुंबांसाठी मोठी चाळ बांधली. तिला शार्लटबाईंचे नाव दिले होते. ती चाळ आज उभी नाही. कबरीवरचा दगड मात्र आहे. तरीही मला विचारले तर म्हणेन की ज्या घरांत मुले वाढली तेथले नाव अधिक मोलाचे. (हे मुंबईच्या चाळीत वाढलेल्या बाईचे मत आहे, ते तेवढ्याच मापाने घ्यावे.)

थोडे पुढे रोझलिंड फ्रँकलिनची कबर आहे. १९५८ साली, अवघ्या ३७व्या वर्षी ती गेली. आज जग तिला डी.एन.ए.च्या छायाचित्रासाठी ओळखते. पण तिच्या दगडावर उल्लेख आहे तो विषाणूंवरील संशोधनाचा, डी.एन.ए.चे अक्षरही नाही. कोण कशासाठी आठवणीत राहील, हे दगड कोरणाऱ्याला कसे कळावे?

मग दगड मुळीच नको काय? तसे मला म्हणता येत नाही. राहेलच्या कबरीवर याकोबाने स्तंभ उभा केला होता. आपल्या माणसाची जागा ओळखता यावी, ही माया फार जुनी आहे. उलट आपले नवगाव पाहा. अलिबागजवळच्या त्या किनाऱ्यावर गलबत फुटून बुडालेल्या आपल्या पूर्वजांना पुरले, असे आपण पिढ्यान् पिढ्या सांगत आलो. पुरुषांचा उंचवटा वेगळा, स्त्रियांचा वेगळा. नाव एकाचेही नाही. स्मारक उभे राहिले ते अगदी आपल्या काळात. तरी आपण त्यांना विसरलो नाही. म्हणून वाटते, नाव असावे, जागा असावी. पण "उठून दिसणे" म्हणजे नेमके काय? शेजारचा दगड खुजा दिसल्याशिवाय आपला उठून दिसत नाही. आईच्या शेजारी जिला पुरले आहे तिची मुलगी माझ्या ओळखीची आहे. नोकरी सुटल्यापासून ती कशीबशी घर चालविते. आमचा दगड पाहून ती काय करील? कर्ज काढील, दुसरे काय?

रात्री भावाला हे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ताई, आईने आपल्यासाठी कधी माप पाहिले होते का?" ह्यावर मला उत्तर सुचले नाही, आणि अजूनही सुचलेले नाही. त्याचे म्हणणे खोटे नाही.

शाबुओथच्या सुमारास तो इकडे येणार आहे. त्याला आधी विल्सडनला नेईन, त्या दालनात बसवीन. दगडवाल्याच्या कागदावर आईचे नाव हिब्रूत व मराठीत लिहून ठेवले आहे. मापाचा रकाना तेवढा भरावयाचा आहे.