उलटी थांबल्यावर उरणारी मळमळ

पशूंच्या दुःखाविषयी माणसाचे कर्तव्य कोठवर पोहोचते, हा प्रश्न अहिंसेच्या चर्चेत सहसा वध, मारहाण किंवा उपासमार यांच्या संदर्भात उपस्थित होतो. परंतु कुत्र्यामांजरांना दिल्या जाणाऱ्या मळमळीवरील औषधांनी तोच प्रश्न अधिक सूक्ष्म रूपात पुढे आणला आहे. उलटी ही डोळ्यांना दिसणारी शारीरिक क्रिया असते, तर मळमळ ही ज्याची त्यालाच जाणवते; आणि एकीवर चाललेले औषध दुसरीवर तितकेच चालेल असे नाही.

अमेरिकेत २००७ मध्ये कुत्र्यांसाठी आणि २०१२ मध्ये मांजरांसाठी मान्यता मिळालेले मॅरोपिटंट हे याचे ठळक उदाहरण आहे. उलटीच्या हालचालींची जुळवणी करणाऱ्या मेंदूतील चेतापेशींच्या समूहात ‘सबस्टन्स पी’ नावाचे रसायन संदेश पोहोचवते, आणि हे रसायन ज्या एनके-१ ग्राहकांवर, म्हणजे पेशींवरील संदेश टिपणाऱ्या जागांवर, बसते त्या जागाच मॅरोपिटंट अडवून ठेवते. त्यामुळे उलटी प्रभावीपणे थांबते. मात्र सिस्प्लॅटिन हे कर्करोगावरील औषध दिलेल्या कुत्र्यांच्या तौलनिक अभ्यासात असे आढळले की, मॅरोपिटंटने उलटी रोखली तरी मळमळीची लक्षणे पुरेशी ओसरली नाहीत. सेरोटोनिनचे ग्राहक अडवणाऱ्या ऑन्डान्सेट्रॉनने मात्र ती कमी केली. ही लक्षणे सहज नजरेतून सुटणारी असतात: कुत्रा पुन्हा पुन्हा ओठ चाटतो, लाळ गाळतो, तोंडात काही नसताना गिळतो, ताटलीजवळ जाऊन अन्न हुंगतो आणि तोंड फिरवतो.

या हालचाली केवळ यांत्रिक असतील, त्यामागे अनुभव मानण्याचे कारण काय, असा आक्षेप घेता येतो. सतराव्या शतकात देकार्तने प्राण्यांच्या वर्तनाची उपपत्ती यंत्राच्या धर्तीवरच लावली होती. परंतु दुसऱ्या माणसाची मळमळदेखील कोणाला प्रत्यक्ष दिसत नाही, तिचेही अनुमानच करावे लागते. बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्तीने ‘सन्तानान्तरसिद्धि’ या ग्रंथात, स्वतःच्या कृतीमागे स्वतःची इच्छा असते हे जाणणाऱ्याने तशाच परकीय कृतीवरून परचित्ताचे अनुमान करावे, अशी मांडणी केली आहे. येथे तर त्या अनुमानाला न्यायदर्शनातील अन्वय-व्यतिरेकाचे, म्हणजे कारण असता कार्य असणे आणि कारण नसता ते नसणे या कसोटीचे, पाठबळही मिळते; कारण माणसाला मळमळवणाऱ्या औषधाने ही लक्षणे उमटतात आणि माणसाची मळमळ शमवणाऱ्या औषधाने ती ओसरतात. कुत्र्यामांजरांना पंचेंद्रिय आणि समनस्क, म्हणजे मन असलेले, जीव मानणाऱ्या जैन विचाराशी हा निष्कर्ष सुसंगत आहे.

अनुमान मान्य केले की कर्तव्याची व्याप्ती बदलते. उलटी थांबताच उपचार संपला असे मानणाऱ्याची सतरंजी स्वच्छ राहते, पण ज्याच्यासाठी उपचार केला त्या जीवाचे दुःख तसेच राहू शकते. अशा वेळी निवारण झाले ते माणसाच्या गैरसोयीचे. उलट प्रत्येक उलटी दाबून टाकणे हीही दया नव्हे, कारण उलटी हे विषबाधेविरुद्ध शरीराचे संरक्षण असते, आणि गिळलेले हाड किंवा खेळणे आतड्यात अडकले असेल तर औषधाने ती खूण झाकली जाऊन निदान लांबू शकते. दयेच्या आधी ज्ञानाला स्थान देणारी जैन भूमिका या ठिकाणी व्यवहारातही खरी ठरते.

या ज्ञानाचे मोलही प्राण्यांनीच चुकवले आहे. उंदरांना उलटी करता येत नसल्यामुळे या संशोधनात कुत्रे, मांजरे, फेरेट आणि चिचुंद्री यांना मुद्दाम मळमळ आणली गेली. त्या दुःखाचे पूर्ण समर्थन कोणत्याही उपयुक्ततेने होत नाही. परंतु त्यातून हाती आलेले ज्ञान वापरायचे असेल, तर उलट्या मोजून समाधान मानण्याचा अधिकार माणसाला राहत नाही. मुक्या जीवाला स्वतःचे दुःख सांगता येत नाही, म्हणून ते ओळखण्याचा भार पाहणाऱ्यावर येतो, आणि हा भार उचलल्याशिवाय अहिंसेचे पालन पूर्ण होत नाही.