आवाज घडवता येतो

देवगिरीच्या यादवांच्या राज्यात हिशेबाचा कारभार पाहणाऱ्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात गायकाचे पंचवीस दोष नावानिशी दिले आहेत. दात आवळून गाणारा तो संदष्ट, तोंड भलतंच वासणारा तो कराली, तुंब्यासारखे गाल फुगवणारा तुम्बकी, मान वाकडी करणारा वक्री, शिरा फुगवून गाणारा झोंबक. बेसूर होणं, शब्द अस्पष्ट राहणं, नाकात गाणं हे दोषही यादीत आहेत. पण तिचा मोठा भाग शरीराविषयी बोलतो. आवाज बिघडतो तो बहुतेकदा नको तिथे जोर लागतो म्हणून, हे त्या माणसाने गाणाऱ्यांकडे नीट पाहून टिपलेलं दिसतं.

त्याच ग्रंथात जन्मजात आवाजाचाही विचार आहे. फारशा मेहनतीशिवाय राग उभा करू शकणारा गळा काहींना शरीराबरोबरच लाभतो, असं शार्ङ्गदेव मानतो. आपण त्याच्या विचारातला एवढाच भाग उचलला आणि दोषांची यादी विसरलो. घरातलं मूल सात-आठ वर्षांचं झालं की ‘हिला गळा आहे’ किंवा ‘याला गळा नाही’ हा निकाल लागतो आणि तो जन्मभर टिकतो. गळा आहे म्हटल्यावर त्याची निगा राखायला कोणी शिकवत नाही, आणि गळा नाही म्हटल्यावर विषयच संपतो. मुलगा तेरा-चौदाचा होतो, आवाज फुटतो, शाळेच्या प्रार्थनेत पेटीची पट्टी त्याच्यासाठी कोणी उतरवत नाही, आणि ‘आपल्याला गाता येत नाही’ अशी त्याची कायमची खात्री होते. खरं तर त्या वयात स्वरयंत्र झपाट्याने वाढत असतं. काही महिने सांभाळून, खालच्या पट्टीत, थोडंथोडं गायलं तर बहुतेक आवाज स्थिरावतात. एवढी साधी माहिती घराघरात नसावी, याची मला खंत वाटते.

माझं म्हणणं असं की आवाज घडवता येतो. गाणाऱ्याचा येतो तसा बोलणाऱ्याचाही. आणि घडवण्याचं काम मुख्यतः नको तो जोर काढून टाकण्याचं आणि कान तयार करण्याचं आहे.

आवाज उमटतो कसा, हे आधी पाहू. फुप्फुसातली हवा बाहेर पडताना स्वरयंत्रातले दोन स्वरतंतू जवळ येतात आणि कंप पावतात. बायकांच्या बोलण्यात ते सेकंदाला साधारण दोनशे वेळा एकमेकांवर आदळतात, पुरुषांच्या बोलण्यात शंभर-सव्वाशे वेळा. हे तंतू जेमतेम एक-दोन सेंटीमीटर लांबीचे असतात. त्यांच्यापाशी तयार होणारा ध्वनी अगदी बारीक, गुणगुणल्यासारखा असतो. त्याला गोलाई, धार, जवारी येते ती वरच्या पोकळ्यांत, म्हणजे घसा, तोंड आणि नाकाच्या मार्गात. जीभ, जबडा आणि टाळू यांची ठेवण बदलली की तोच स्वर उघडा, कोंडलेला किंवा भरदार होतो. म्हणून आवाज मोठा करायचा तर तंतूंवर जास्त हवा आदळवणं हा सगळ्यात महागडा मार्ग आहे. पोकळी मोकळी ठेवणं हा स्वस्त आणि टिकाऊ मार्ग आहे.

घशाच्या औषधांबद्दलचा आपला समजही याच जागी चुकतो. खडीसाखर, ज्येष्ठमध, कंकोळ, लवंग यांतलं काहीच स्वरतंतूंना स्पर्श करत नाही. गिळलेली वस्तू अन्ननलिकेत जाते आणि ती जाताना स्वरयंत्राचं दार बंद होतं. नाहीतर ठसका लागला असता. चघळल्याने लाळ सुटते, घशाला बरं वाटतं, तेवढा उपयोग खरा. तंतूंपर्यंत पोचते ती श्वासातली हवा. म्हणून वाफेचा उपयोग होतो आणि धूर व धूळ यांचा त्रास होतो. दिवसभर पाणी पीत राहिलं की शरीरामार्फत तंतूंचा ओलावा टिकतो. कार्यक्रमाच्या आधी दोन मिनिटं ढोसलेल्या तांब्याभर पाण्याने तो येत नाही.

जिवंत माणसाचे हलते स्वरतंतू नीट पाहून त्यांचं वर्णन केलं ते एका गाणं शिकवणाऱ्याने, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. मॅन्युएल गार्सिया याने 1854 साली दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरला, हातातल्या दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश टाकला आणि स्वतःचाच आवाज उमटताना पाहिला. आपल्याकडे ही जिज्ञासा प्रा. बी. आर. देवधरांनी दाखवली. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या परंपरेतले, मुंबईत स्कूल ऑफ इंडियन म्युझिक चालवणारे आणि कुमार गंधर्वांचे गुरू असलेले देवधर आवाजाच्या शास्त्राकडे वळले. त्यांनी त्यावर मराठीत पुस्तक लिहिलं. पुढे डॉ. अशोक रानड्यांनी हा विचार गायनाबरोबर नाटक आणि भाषणापर्यंत नेला. डॉ. श्रीराम लागू तर पेशाने कान-नाक-घशाचे शल्यविशारद. ते नट झाले आणि त्यांनी वाचिक अभिनयावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. इतकी समृद्ध शिदोरी मराठीत असताना आवाजाची तालीम काही मोजक्या गायक-नटांपुरती राहिली, याला कारण आपली समजूत.

रियाज म्हणजे आवाजावर घण घालणं, ही ती समजूत. ‘रक्ताची उलटी होईपर्यंत रियाज’ अशा कथा आपण कौतुकाने सांगतो. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँ यांचा आवाज तरुणपणी अतिगाण्याने बसला आणि पूर्वीसारखा पुन्हा कधी झाला नाही. त्या बदललेल्या आवाजाला झेपेल अशी पेचदार, लयीत गुंफलेली गायकी त्यांनी घडवली, असं सांगितलं जातं. याच परंपरेतल्या किशोरी आमोणकरांचा आवाज ऐन उमेदीत गेला होता. तो परत मिळेपर्यंतचा काळ त्यांनी विचार आणि चिंतन यांत घालवला. गंगूबाई हनगल यांचा आवाज घशाच्या उपचारानंतर भारदस्त, पुरुषी झाला आणि त्यांनी तोच आपला मानून त्यातून किराणा गायकी उभी केली. कुमारांना क्षयाने गाठलं, कित्येक वर्षं गाणं बंद राहिलं आणि परतल्यावर उरलेल्या दमाचा त्यांनी वेगळाच उपयोग केला. ही माणसं थोर होती म्हणून त्यांनी संकटातून वाट काढली. पण त्यांच्या मागे शेकडो आवाज असे गेले की ज्यांची कुठे नोंद नाही. आवाज गेला म्हणजे तपश्चर्या झाली, असं मानणं या साऱ्यांवर अन्याय करणारं आहे.

खर्जाचा रियाज घ्या. पहाटे तंबोऱ्यावर मंद्र षड्ज धरून बसणं ही आपल्या परंपरेतली अतिशय शहाणी गोष्ट आहे. खालच्या स्वरात तंतू सैल असतात, घाई नसते, कान तंबोऱ्याच्या ध्वनीत मुरतो. पण आवाज भारदस्त व्हावा म्हणून स्वरयंत्र खाली दाबून काढलेला खर्ज घातक असतो. मुलगी पुरुष गुरूंकडे शिकत असेल आणि काळी एकमध्येच तिला मंद्र पंचमापर्यंत उतरायला लावलं, तर तिच्या वाट्याला घरघर आणि थकवा येतो. आपला खर्ज आपल्या शरीराला विचारून ठरवावा. तो धरताना अंगठा हनुवटीखाली, जबड्याच्या हाडाच्या दोन बाजूंमधल्या मऊ भागावर ठेवावा. स्वर लावल्यावर तो भाग दगडासारखा कडक झाला तर जिभेचं मूळ स्वरयंत्राला दाबतंय, हे नक्की. तो मऊ राहील इतक्या हळू आवाजात पुन्हा लावावा. आरशासमोर पाच मिनिटं केलेली ही परीक्षा तासभराच्या आंधळ्या पलट्यांपेक्षा जास्त शिकवते.

ओठ मिटून ‘म’ धरणं, भ्रामरी, ॐकाराचा शेवट यांच्यामागेही कारण आहे. तोंड बंद किंवा अरुंद असताना आतल्या हवेचा हलका उलट दाब तंतूंना आधार देतो आणि ते कमी आदळून कंप पावतात. आज आवाजावर उपचार करणारे तज्ज्ञ पाण्याच्या ग्लासात नळी बुडवून तिच्यातून ‘ऊ’ काढायला लावतात, तेही याच तत्त्वावर. परंपरेतलं काय ठेवावं आणि काय सोडावं, हे अशा कारणांवरून ठरवावं.

बोलण्याच्या बाबतीत आपण याहून बेफिकीर आहोत. गाणारी माणसंसुद्धा सकाळी तासभर नीट रियाज करतात आणि उरलेला दिवस नरड्यातून बोलून तो वाया घालवतात. तंतू तेच आहेत. रियाज कुठला आणि गप्पा कुठल्या, हे त्यांना कळत नाही.

शिक्षकांच्या आवाजासाठी घेतलेल्या एका वर्गात जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक बाई आल्या होत्या. वीस-एक वर्षांची नोकरी, चौथीचा वर्ग, शेजारी पहिलीचा वर्ग, मध्ये अर्धी भिंत. त्यांनी पुस्तकातला धडा वाचून दाखवला. पहिल्या वाक्यापासून मानेच्या शिरा दिसत होत्या, आवाज त्यांच्या स्वाभाविक पट्टीच्या बराच वर चढलेला, आणि प्रत्येक वाक्याचा शेवट श्वास संपल्यावर, पिळून काढल्यासारखा. मी त्यांना वाचन थांबवून एवढंच सांगितलं की फोनवर बहीण काहीतरी सांगते आहे आणि तुम्ही मन लावून ऐकत नुसतं ‘हं, हं’ म्हणताय, असं करा. तो ‘हं’ खाली आला, मोकळा आला. मग त्याच ‘हं’ला जोडून धड्याचं पहिलं वाक्य म्हणायला सांगितलं, आणि स्वल्पविराम आला की थांबून पोट सैल सोडायचं, श्वास आपोआप आत येतो. दोन-तीन वाक्यांत आवाज इतका बदलला की मागे बसलेल्यांनी माना वर केल्या. आवाज मोठा झाला नव्हता, पण शेवटच्या बाकापर्यंत शब्द स्वच्छ पोचत होते. ‘इतकी वर्षं मला वाटायचं माझा आवाजच चिरका आहे,’ त्या म्हणाल्या.

अशा बाईंचा प्रत्यक्ष आवाज दिवसाला एक तासभर जरी उमटला, तरी तंतू सात लाखांहून अधिक वेळा आदळतात. त्यात भोवतालचा गोंगाट. आजूबाजूला आवाज वाढला की माणूस नकळत आपला आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने 1911 मध्ये हे मांडलं आणि आज ते त्याच्याच नावाने ओळखलं जातं. पंखे, रस्ता, साठ मुलं, पलीकडचा वर्ग, या सगळ्यांशी शिक्षक रोज नकळत झुंजत असतो. तंतूंवर गाठी येणाऱ्यांत गायकांच्या जोडीला शिक्षक असतात, यात नवल नाही. या गाठी सुरुवातीला मऊ असतात आणि बोलण्याची सवय बदलली तर शस्त्रक्रियेशिवायही अनेकदा कमी होतात. पण सवय बदलायला शिकवणार कोण? आवाज वापरण्याचं प्रत्यक्ष शिक्षण घेऊन वर्गात उभे राहिलेले शिक्षक मला क्वचितच भेटले. सुताराला रंधा धरायला शिकवल्यावरच आपण त्याच्या हाती लाकूड देतो. शिक्षकाच्या हाती वर्ग देताना हा विचार होत नाही.

वक्तृत्व स्पर्धांविषयीही बोललं पाहिजे. तिथे मुलांना पहिल्या वाक्यापासून वरच्या पट्टीत भाषण ठोकायला शिकवतात. दमदार म्हणजे जोरदार, हे समीकरण तिथेच पक्कं होतं. याच्या जोडीला आणखी एक गोंधळ आहे: आवाज सुधारणं म्हणजे बोली पुसणं. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी बोलणाऱ्या मुलाला ‘शुद्ध बोल’ म्हणून गप्प केलं जातं आणि त्याचा आवाज घशातच अडकतो. आवाजाच्या तालमीचा आणि प्रमाण उच्चारांचा काहीही संबंध नाही. आपल्या बोलीचा हेल जसाच्या तसा ठेवून श्वास, जबडा आणि पट्टी सुधारता येते. किंबहुना माणूस आपल्या बोलीत सर्वांत मोकळा असतो, म्हणून तालमीची सुरुवात तिथूनच करावी.

दुसऱ्याच्या आवाजाची नक्कल हा गाण्यातला तसाच रोग. भीमसेन जोशींची गाज, किशोरीताईंची आर्तता बाहेरून उचलली की गळा आवळतो. कारण त्यांच्या आवाजामागे त्यांच्या स्वरयंत्राची लांबी, त्यांच्या तोंडाची पोकळी आहे. आपला आवाज कसा आहे, हे आपल्याला मुळात ऐकूच येत नाही. आपण तो कवटीच्या हाडांतूनही ऐकतो, म्हणून तो आपल्याला भरदार वाटतो, आणि ध्वनिमुद्रणात तो पातळ वाटून माणूस हिरमुसतो. त्या मुद्रणाला घाबरू नये. जग ऐकतं तो आवाज तोच आहे. मोबाइलवर रोज एक परिच्छेद वाचून ठेवावा, एक आकार लावून ठेवावा, दुसऱ्या दिवशी ताज्या कानाने ऐकावा. कान सुधारला की गळा मागोमाग येतो; कानाला खोट कळली नाही तर उत्तम गुरूही फार काही करू शकत नाही.

डी.एल.एड. आणि बी.एड.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला निदान एक सत्र आवाजाची प्रत्यक्ष तालीम मिळावी, ही मागणी शिक्षक संघटनांनी आणि पालकांनी लावून धरायला हवी. कीर्तनकार, निवेदक, वकील, एसटीचे वाहक, कॉल सेंटरमधली मुलं, या सगळ्यांनाही ती हवी आहे. पण सुरुवात शिक्षकांपासून व्हावी, कारण त्यांचा आवाज ऐकत आपली मुलं बोलायला शिकतात. आणि वाचकहो, सर्दी-खोकला ओसरूनही तुमचा आवाज तीन आठवड्यांहून अधिक घोगरा राहिला असेल, तर ज्येष्ठमधावर विसंबू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा आणि स्वरतंतू तपासून घ्या.