न दुखणारी दाढ

मे २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीत, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दंतवैद्यांसाठी सूचना काढल्या. रेड झोनमध्ये फक्त तातडीचे उपचार करायचे, बाकीचे पुढे ढकलायचे. आपले शहर, तेव्हाचे औरंगाबाद, रेड झोनमध्येच होते. दात कोरणारा एअरोटर आणि दात साफ करणारा स्केलर यांच्या पाण्याबरोबर रुग्णाची लाळ हवेत उडते, म्हणून तो निर्णय योग्यच होता. एप्रिल २०२२ मध्ये राज्यातले निर्बंध उठले, पण ‘ढकलता येते’ ही समजूत मात्र मनातून उठली नाही.

कीड काही ढकलली जात नाही. दाताच्या वरच्या कवचात असते तोवर ती दुखत नाही. आतल्या थरात पोचली की गार पाणी झोंबते आणि नसेला भिडली की रात्र बसून काढावी लागते. सुरुवातीला साध्या सिमेंटवर भागले असते, तिथे मग रूट कॅनाल करा नाहीतर दाढ काढा. तरी आपण लवंगेच्या तेलावर आणखी एक आठवडा रेटतो.

२०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार आला आणि शहर एकाएकी तोंडाकडे बघू लागले. कोरोनातून उठलेल्या, विशेषतः मधुमेह असलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या माणसाची वरची दाढ हलायला लागली, गाल सुजला, की घरचे हादरत. कित्येकांचा वरचा जबडा काढावा लागला. त्या भीतीने माणसे दंतवैद्याकडे धावली. भीती ओसरली आणि तपासणीची सवय काही लागली नाही, याचे मला फार वाईट वाटते. कारण मराठवाड्यात तंबाखू-चुना, गुटखा आणि बायकांची मिश्री आहे. गालाच्या आतला, पुढे कर्करोग होऊ शकणारा पांढरा चट्टा दुखत नाही. दात साफ करायला आलेल्या माणसात तो डॉक्टरांना दिसतो, म्हणून ती साधी तपासणी मोलाची. ‘साफ केले की दात हलतात’ या भ्रमापायी ती टाळली जाते.

आणि तपासणी ‘पुन्हा सुरू करा’ म्हणायचे तरी कोणाला? वाळूजच्या कारखान्यातल्या कंत्राटी कामगाराची नियमित तपासणी कोरोनाआधीही नव्हती. घाटी रुग्णालयाच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात जायचे तर त्याचा खाडा पडतो, रोज बुडतो. न दुखणाऱ्या दाढेसाठी तो रोज का बुडवील? कारखान्यात रक्तदाब आणि डोळे तपासायला डॉक्टर येतात, त्याच दिवशी, त्याच रांगेत त्याला तोंडही उघडायला सांगावे.