भरली कधी?

गेल्या दिवाळीत डिंगोऱ्याच्या घरी आम्ही सगळे टीव्हीसमोर बसून महाराजांवरचा एक चित्रपट पाहत होतो. त्याचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे म्हणणार आहे ते त्या एकट्याला लागू नाही. पडद्यावर आषाढातला पाऊस कोसळत होता, खिंडीच्या तोंडाशी झटापट चालली होती, आणि शत्रूकडच्या एका बंदूकवाल्यानं लागोपाठ तीन बार काढले. तीन मावळे पडले. माझी पुतणी रडवेली झाली. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीतून तात्यांचा, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचा, आवाज आला, "आरं, पण त्यानं भरली कधी?"

सगळे हसले. "तात्या, पिक्चर आहे हो," कुणीतरी म्हणालं. तात्या गप्प बसले. त्यांचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून गेला नाही.

तात्यांकडे शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, संपली की परत आणायची. मी आठ-नऊ वर्षांचा असताना रानडुकरं भुईमूग उकरायची, तेव्हा रात्री त्यांच्याबरोबर माळ्यावर बसायला मला फार आवडे. ती बंदूक भरणं हे एक कामच असायचं. नळीत मोजून दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा, मग छरे, पुन्हा बोळा, आणि प्रत्येक वेळी गजानं ठासायचं. शेवटी घोड्याखाली टोपी बसवायची. तात्यांचा एक नियम होता: बंदूक भरून ठेवली तरी टोपी आधी लावायची नाही.

एका रात्री बांधाजवळ खसखस झाली. तात्यांनी बंदूक उचलली, खिशातून टोपी काढली, पण थंडीनं बोटं बधिर झालेली. टोपी निसटली. दुसरी काढून बसवेपर्यंत बांधावरचं ‘डुक्कर’ खोकलं. शेजारच्या वस्तीवरचा पोरगा होता, पाण्याची पाळी बघायला आलेला. तात्यांनी बंदूक खाली ठेवली आणि सकाळपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. पोराला हे कधीच कळलं नाही. त्या रात्री तो वाचला तो टोपी बसवायला लागलेल्या त्या चार-सहा क्षणांमुळे, एवढं मला आज कळतं.

म्हणून "भरली कधी?" हा मला म्हाताऱ्याचा किरकिरा प्रश्न वाटत नाही. हत्यार उचलल्यापासून माणूस मरेपर्यंत मध्ये किती वेळ होता, असं तात्या विचारत होते.

शिवकाळातली तोड्याची बंदूक तर तात्यांच्या बंदुकीहूनही संथ. नळीत दारू आणि गोळी ठासायची, कानाजवळच्या पेल्यात रंजक घालायची, आणि हे सगळं करताना हाताशी एक पेटता तोडा, म्हणजे जामगी, सांभाळायची. तिची ठिणगी रंजकेवर पडली की बार. चांगला सराव असलेल्याचेही मिनिटाला एक-दोन बार व्हायचे. पावसात जामगी विझायची, रंजक भिजायची. रात्री तिचा निखारा लांबून दिसायचा, वासही यायचा. बार झाला की धुरात पुढचं काही दिसायचं नाही.

आता जुलै १६६० मधली पन्हाळगडाहून विशाळगडाकडे निघालेली ती पावसाळी रात्र डोळ्यांसमोर आणा, किंवा एप्रिल १६६३ मध्ये अंधारात लाल महालात शिरणारी माणसं. अशा वेळी माणसाचा भरवसा हातातल्या पोलादावर आणि शेजारच्या सोबत्यावर. ज्याला गोळी घालायची आहे तो बंदूक भरत असताना त्याच्यावर धावून जाता येतं, आणि धावून जायचं की मागे फिरायचं हे ठरवायला त्याच मोजक्या घटका असतात. ते धाडस त्या वेळेत होतं. पडद्यावर बंदूक आपोआप भरली गेली की तो वेळ नाहीसा होतो, आणि धावणारा मावळा शूर न दिसता नुसता अविचारी दिसतो. त्याला मोठं करायला निघालेला चित्रपट न कळत त्याचं मोठेपण कमी करतो.

आपण इतिहासाच्या बाबतीत बेफिकीर आहोत असंही नाही. २०२५ च्या जानेवारीत ‘छावा’च्या झलकीत संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले, त्यावर वाद झाला आणि दिग्दर्शकांनी ते दृश्य काढून टाकायचं ठरवलं. २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखं साताऱ्याला आली. ती महाराजांनीच वापरली होती याचा पुरावा नाही, असं त्या संग्रहालयाचंच म्हणणं होतं, तरी आपण रांगा लावून ती पाहिली. पोशाख, मुद्रा, नाच, नखं यांवर आपला डोळा असतो. पण मिनिटाला सहा बार काढणारी तोड्याची बंदूक पाहून कुणी निवेदन दिल्याचं मला आठवत नाही. मान कशानं दुखावतो याची आपल्याला पक्की जाण आहे. माणूस कसा मरत होता याची तेवढी नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. चित्रपट म्हणजे संग्रहालय नव्हे. तीन बारांमध्ये दीड-दोन मिनिटं जाऊ दिली तर प्रेक्षक कंटाळेल. खऱ्या घाटाच्या बंदुका मिळत नाहीत, मिळाल्या तर परवडत नाहीत. आणि सर्वांत मोठी गोष्ट सुरक्षेची. २१ ऑक्टोबर २०२१ ला न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’च्या चित्रीकरणात रिकामी समजलेल्या बंदुकीतून खरी गोळी सुटली आणि छायालेखिका हलिना हचिन्स मरण पावली. पडद्यावरचा कुठलाही खरेपणा एका माणसाच्या जिवाहून मोठा नाही. हे आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त दारूखाना वस्तीपासून दूर ठेवायची ताकीद आहे.

मला हा आक्षेप मान्य आहे, आणि त्यामुळेच माझं म्हणणं अधिक स्पष्ट होतं. बंदूक खरी असावी असं मी म्हणत नाही. ती लाकडाची असो, रबराची असो, धूर संगणकातून काढलेला असो. ती वागली मात्र खरी पाहिजे. बार झाल्यावर बंदूकवाल्याला खाली बसून गज हातात घ्यावा लागला पाहिजे, पावसात त्याची जामगी विझली पाहिजे. याला पैसे लागत नाहीत, धोकाही नाही. आणि कंटाळ्याचं म्हणाल, तर समोरचा माणूस बंदूक ठासतोय आणि आपला माणूस त्याच्याकडे धावतोय, याहून श्वास रोखायला लावणारं दुसरं काय असतं?

हत्यार बदललं की हा प्रश्नही बदलतो. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांनी १९७९ मध्ये चापेकर बंधूंवर चित्रपट काढला, त्याचं नावच ‘२२ जून १८९७’. शीर्षकात तारीख घालणारा चित्रपट तपशिलाशी इमान राखायचं वचनच देतो, आणि याच्या कलादिग्दर्शनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. गणेशखिंडीच्या रस्त्यावरच्या त्या रात्री हातात तोड्याची बंदूक नव्हती. तिथे वेळ ठासण्यात गेला नाही, बग्गीची वाट पाहण्यात गेला. चाप ओढल्यावर विचाराला जागा उरली नाही. रँड ३ जुलैला मेला. दुसऱ्या बग्गीतला लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला. प्लेगच्या काळात पुण्यानं जे सोसलं त्याचा जाब रँडला विचारायचा होता हे समजतं. आयर्स्टचं काय, हा प्रश्न चापेकरांचा आदर करणाऱ्यालाही टाळता येत नाही. झटपट चालणाऱ्या हत्यारानं आणलेला तो प्रश्न आहे. पडद्यावर सगळ्याच काळातल्या बंदुका सारख्या चालल्या, तर खिंडीतलं धाडसही दिसणार नाही आणि गणेशखिंडीतला हा प्रश्नही पडणार नाही.

ज्याचं चरित्र आपण दाखवतो तो माणूस आता येऊन तक्रार करू शकत नाही. आपण त्याला कितीही मोठं दाखवलं तरी तो नको म्हणणार नाही. अशा माणसाचं देणं फेडायचं तर त्याला ज्या अडचणी होत्या त्या त्याच्याकडून काढून घेता कामा नयेत. त्याचा पाऊस, त्याचा अंधार आणि समोरच्याची बंदूक भरेपर्यंतचा त्याचा वेळ त्याला परत दिला पाहिजे.

तात्यांनी पुढे ती बंदूक कायमची जमा केली. परवान्याचं नूतनीकरण करायला तालुक्याला कोण जाणार, असं कारण सांगितलं. परवा मी त्यांना पहिल्यांदाच त्या रात्रीबद्दल विचारलं. ते बराच वेळ अंगणाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "टोपी पडली म्हणून बरं झालं," आणि चहा मागितला. तो पोरगा आता आजोबा झाला आहे. त्याची कांद्याची गाडी रोज आमच्या दारावरून जाते.