दहा मिनिटे श्वासाजवळ



ध्यान हे भिक्खूंचे काम, असे आपल्यातील पुष्कळांना वाटते. मलाही वाटे. गेल्या हिवाळ्यात रोज पहाटे दहा मिनिटे बसायचे ठरवले. श्रीरामपुरात आमची एकच खोली. मुले निजलेली, रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज. डोळे मिटले की शाळेची हजेरी, वाण्याची उधारी, सारे पुढे उभे. पहिल्या आठवड्यात दोनदा वैतागून उठलोच.

आई म्हणाली, "अरे, जप कुणाचा करतोस? छप्पन साली देव सोडले ना आपण?"

प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, "जप नाही, आई. श्वास आत येतो, बाहेर जातो, तेवढे पाहतो."

हीच आनापानसती. श्वास लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड, एवढेच जाणायचे, रोखायचा नाही. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून दहा दिवसांची शिबिरे होतात, तेथेही पहिले तीन दिवस हाच अभ्यास असतो. मन पळणारच. पळाले हे कळले, तेथेच स्मृती जागी झाली. मुकाट्याने श्वासाकडे परतावे. मात्र ध्यानाने नोकरी लागेल, आजार जाईल असे कुणी सांगू लागला, तर तो जुना नवसच नव्या नावाने आला समजा.

परवा वर्गात एका मुलाने पुन्हा वही आणली नाही. माझा हात उचलला गेला. श्वास जोरात चाललेला जाणवला, आणि हात खाली आला. पोर माझ्याकडे बघतच राहिले.

आता आईही पहाटे शेजारी बसते. गुडघे दुखतात, म्हणून भिंतीला टेकून.