धूम्रपानाने कोणते शील मोडते?

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला वसलेल्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घराण्याचे मूळ गाव होय. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धम्मदीक्षेनंतर या तालुक्याच्या वाड्यावाड्यांतून त्रिसरण व पंचशील यांचे पठण रूढ झाले, आणि आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत चालणाऱ्या वर्षावासात, म्हणजे भिक्खूंनी पावसाळ्यात एका ठिकाणी राहून धम्मोपदेश करण्याच्या काळात, ग्रंथवाचनाची प्रथाही कोकणात दृढ झाली. या पंचशीलातील पाचवे शील मद्य व मादक पदार्थ वर्ज्य मानते आणि त्याचे कारणही सांगते: हे पदार्थ प्रमादाला, म्हणजे चित्ताच्या बेसावधपणाला, जागा देतात. नागपूरच्या बावीस प्रतिज्ञांत दारूचा स्पष्ट उल्लेख आहे, तंबाखूचा स्वतंत्र उल्लेख नाही. बुद्धकालीन विनयनियमांत तर तो असणे शक्यच नव्हते, कारण तंबाखूचे रोप भारतात आले ते पोर्तुगीजांच्या मार्फत, बुद्धानंतर सुमारे दोन हजार वर्षांनी. त्यामुळे दारूला आयुष्यभर न शिवलेला उपासक वंदना आटोपून विडी शिलगावतो, तेव्हा आपल्या हातून कोणते शील मोडले असे त्याला वाटत नाही.

ही अडचण एकट्या बौद्धांची नाही. तुळशीची माळ घातलेला वारकरी मद्यमांस सोडतो, परंतु तंबाखूची पुडी पुष्कळदा त्याच्या खिशात राहते; आणि इस्लामी धर्मशास्त्रात सतराव्या शतकापासून तंबाखू मुबाह (अनुमत), मकरूह (अप्रिय) की हराम (निषिद्ध), असा वाद चालत आला आहे. जुन्या नियमांत नाव नसलेल्या वस्तूचा निवाडा कसा करावा, हा सर्वच धर्मपरंपरांपुढील प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर नियमाच्या शब्दांत नव्हे तर त्याच्या हेतूत शोधावे लागते.

पाचव्या शीलाचा हेतू प्रमाद टाळणे हा असेल, तर सिगारेट त्यातून निसटते असे वरवर दिसते, कारण ओढणाऱ्याचा तोल जात नाही व तो बरळत नाही. परंतु सिगारेटची हानी तिच्या नशेत नसून तिच्या धुरात आहे. त्या धुरात हजारो रासायनिक द्रव्ये असतात व त्यांपैकी किमान साठ-सत्तर कर्करोगकारक आहेत. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे हृदयाला तेवढ्याच कामासाठी अधिक कष्ट पडतात. बेंझोपायरीन हे जळलेल्या पानातून निर्माण होणारे द्रव्य पेशीतील जनुकांना चिकटून त्यांत बिघाड घडवते, आणि श्वासनलिकेतील कचरा बाहेर ढकलणारे सूक्ष्म केस धुराने निकामी होत जातात. विडी सिगारेटपेक्षा सौम्य असते हा समजही खरा नाही. तेंदूचे पान कमी सच्छिद्र असल्याने विडी सारखी विझू पाहते, आणि ती पेटती ठेवण्यासाठी ओढणारा अधिक वेळा व अधिक जोराने झुरके घेतो.

या हानीचा विषय निघाला की ग्रामीण महाराष्ट्रात एक उत्तर हमखास ऐकू येते: अमक्याचे आजोबा विड्या ओढत नव्वद वर्षे जगले आणि सुपारीच्या खांडालाही न शिवणारा चाळिशीत गेला, तेव्हा जे कपाळी लिहिले आहे ते चुकत नाही. या उत्तराकडे अडाणीपणा म्हणून दुर्लक्ष करणे योग्य नाही, कारण त्यामागे कर्मविपाकाची, म्हणजे पूर्वकर्मे पुढे फळ देतात या कल्पनेची, एक संपूर्ण समजूत उभी आहे. परंतु बौद्ध परंपरेनेच ती समजूत तपासलेली आहे. संयुत्तनिकायातील सीवकसुत्तात, माणसाला होणारे प्रत्येक सुखदुःख पूर्वकर्मामुळेच होते काय, असा प्रश्न मोळिय सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला विचारतो, आणि बुद्ध ते मत नाकारतो. वेदनांची कारणे म्हणून तेथे पित्त, कफ, वात, त्यांचा सन्निपात, ऋतुबदल, विषमपरिहार म्हणजे शरीराची चुकीची हाताळणी, बाहेरून झालेला आघात आणि शेवटी कर्मविपाक अशी आठ कारणे येतात. धूम्रपानातून होणारा रोग यांपैकी विषमपरिहारात बसतो. त्याचे कारण याच जन्मात, याच हातांत असते. नव्वद वर्षे जगलेल्या आजोबांमुळे हा कार्यकारणभाव खोटा ठरत नाही, कारण धोका म्हणजे निश्चिती नव्हे. रिचर्ड डॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून ब्रिटिश डॉक्टरांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यात आयुष्यभर ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे दहा वर्षे आधी मरण पावतात असे आढळले.

मग माणूस हे जाणूनबुजून का करतो, आणि त्याने स्वतःच्या देहाचे काय करावे हे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. झुरक्यातील निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोहोचते, तेथील ग्राहकबिंदूंना सुखावते, आणि सवयीने त्या बिंदूंची संख्याच वाढते. पुढे काही तासांत निकोटिन उतरले की बेचैनी सुरू होते व दुसरी सिगारेट ती शमवते. म्हणजे सिगारेट जे दुःख दूर करते, ते बहुतांशी तिनेच निर्माण केलेले असते. वेदनेतून तृष्णा आणि तृष्णेतून उपादान, म्हणजे चिकटून राहणे, ही प्रतीत्यसमुत्पादाची, म्हणजे एका कारणातून पुढचे उद्भवण्याची, साखळी इतक्या उघड रूपात क्वचितच दिसते. जी इच्छा त्या द्रव्यानेच घडवली, तिला स्वेच्छा म्हणून स्वातंत्र्याचा आधार मानणे तर्काला धरून नाही. आणि याच कारणासाठी व्यसनी माणसाला पापी ठरवून हिणवणेही अन्यायाचे आहे. आर्यसत्यांची, म्हणजे दुःख, त्याचे कारण, त्याचा अंत व त्या अंताचा मार्ग यांची, मांडणी वैद्याची आहे, न्यायाधीशाची नव्हे.

महाराष्ट्रात मशेरी व चुन्याबरोबर मळलेल्या तंबाखूचे सेवन धूम्रपानाहून कितीतरी अधिक आहे, आणि त्याचे बळी कमी नाहीत. तरीही धुराचा एक दोष निराळा आहे: तो ओढणाऱ्यापाशी थांबत नाही. आषाढ-श्रावणात कोकणातल्या घराची दारे-खिडक्या पावसामुळे दिवसचे दिवस बंद असतात, माजघरात ओले कपडे वाळत असतात, आणि ओटीवरच्या विडीचा धूर पाळण्यातल्या मुलापर्यंत पोहोचतो. अशा धुराने लहान मुलांत दमा व श्वसनमार्गाचे जंतुसंसर्ग वाढतात हे निर्विवाद आहे. त्या मुलाने कोणतीही संमती दिलेली नसते. म्हणून सिगारेटचा निवाडा पाचव्या शीलापाशी अडवून न ठेवता पहिल्या शीलाकडे, प्राण्यांची हिंसा न करण्याच्या प्रतिज्ञेकडे, नेला पाहिजे.

ओढणाऱ्यावरच सर्व भार टाकून हा विचार पुरा होत नाही. अंगुत्तरनिकायात उपासकाने करू नयेत अशा पाच व्यापारांत विषाचा व्यापारही सांगितला आहे. महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर बंदी घातली, परंतु एस.टी. स्थानकाजवळच्या टपरीवाल्याच्या सम्यक आजीविकेची, म्हणजे निर्दोष उपजीविकेची, चौकशी करणे सोपे आहे. आयुर्विम्याच्या सार्वजनिक महामंडळाकडे देशातील सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीचे भाग आहेत, आणि हा प्रश्न आधी तेथे विचारला जाणे अधिक न्याय्य आहे.