खोलीचा प्रश्न

खोली दोन प्रकारची असते. एक भाड्याने मिळते. दुसरी विहिरीला असते, खंदकाला असते आणि काही माणसांना असते असं म्हणतात. आमच्या भाच्याने पुण्याहून तिसरीच आणली. ती त्याच्या मनगटावर आहे. तिथे एक विंचू गोंदलेला आहे. पण पाहणाऱ्याला तो बसलेला दिसतो. पाय कातडीवर टेकलेले, नांगी हवेत.

उदगीरच्या घरी त्याने ओसरीवर हात टेकला मात्र, आजी ओरडली, “झटक की रे! बघलालास काय नुसतं?” आणि उंबऱ्याजवळची चप्पल उचलून हाणली. विंचू खोटा होता, चप्पल खरी होती. खोट्या विंचवाने खरा वळ उठत असेल तर त्याला खोटा म्हणावं का, असा प्रश्न मी उपस्थित केला. पण भाचा मनगट चोळत होता. त्याला तत्त्वज्ञानात गोडी उरली नव्हती.

युक्ती तशी साधी. कारागीर आधी ऊन कुठून येतं ते ठरवतो. त्या बाजूला कातडीचाच रंग मोकळा सोडतो, फार तर पांढऱ्या शाईचा ठिपका देतो; उलट बाजूला गडद काळा, आणि मधे तो हळूहळू करडा करत विरवतो. जवळची रेघ ठसठशीत, लांबची पुसट. खरी लबाडी पुढेच आहे. विंचवाच्या पोटाखाली, जरा बाजूला, तो सावलीही गोंदतो! पाय टेकले तिथे काळीकुट्ट, दूर जाताना फिकी. सावली आहे म्हणजे वस्तू असणारच, असा आपला मेंदू भाबडा. उजेड वरून येतो हेही तो धरून चालतो. त्यामुळे नुसत्या छटांनी काढलेला उंचवटा उलटा धरला की खड्डा दिसू लागतो.

पण या विंचवाचा सूर्य कायम एका जागी. भाचा कुठेही तोंड करो, सावली ढळत नाही. आणि बाजूने पाहिलं की सगळं सपाट. आमच्या भुईकोट किल्ल्याच्या खंदकाचं उलटं आहे. काठाशी जाऊन वाकल्याशिवाय त्याची खोली कळत नाही.

माणसांतही छटाकाम चालतं. 2022 साली उदगीरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. हनुवटीखाली हात घेऊन, कपाळाला दोन आठ्या घालून बसलेला श्रोता फार खोल दिसतो. चहा कधी मिळेल या चिंतेतला माणूसही अगदी तसाच दिसतो.

तर मग ही फसवणूक आहे का? नाटकातल्या राजावर कुणी फिर्याद करत नाही, हे खरं. पण नाटकाला आपण तिकीट काढून बसतो. आजीने तिकीट काढलं नव्हतं. भाच्याच्या मित्रांना तो विंचू करमणूक वाटतो, आणि आजीच्या छातीत मात्र धस्स झालं. मला तरी इथे आजीचीच बाजू घ्यावीशी वाटते.

तिच्या हातावर तुळस आहे. नुसत्या रेघा आणि ठिपके. सूर्य नाही, सावली नाही. कुठूनही पाहा, तुळसच. वर जाताना दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, अशी जुन्या बायकांची श्रद्धा. तशी सुई दोघांनाही सारखीच टोचली. शाई कातडीच्या वरच्या थराखाली, जेमतेम दीड-दोन मिलिमीटरवर.

ही शाई वर्षांनुवर्षं पसरत जाते आणि बारीक छटा एकमेकींत मिसळतात. तुळशीच्या रेघा जाड, हिरवट झाल्या आहेत, एवढंच. विंचवाचं पुढे काय होईल? आजीने मनगट उजेडात धरून निरखलं आणि म्हणाली, “ढेकूण.” भाच्याचं म्हणणं, तेव्हा छटा पुन्हा भरून घेता येतात. त्याचे पैसे वेगळे.